दोन जिपांचं एक बोनेट

मुलांनो, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही बसलात, तर गुजरात संपता संपता नवापूर स्टेशन लागतं. ‘संपता संपता’ हे मी उगीच लिहिलेलं नाही. इथे गुजरात चक्क प्लॅटफॉर्मच्या मधेच संपतो! प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे. त्याच्या मधोमध रेघ ओढलेली आहे. रेघेच्या एका बाजूला ‘महाराष्ट्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुजरात’ असं रंगवलेलं आहे. दोघे भाऊ त्यावर शेजारी शेजारी बसले, तर एक नंदुरबार जिल्ह्यात आणि दुसरा तापी जिल्ह्यात!

स्टेशन जुनं आहे, राज्यं नंतरची. १ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, तेव्हा सीमेची रेघ नेमकी या स्टेशनातून गेली. सुमारे ८०० मीटरच्या प्लॅटफॉर्मपैकी ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांचं ऑफिस गुजरातेत. गाडी येत असल्याची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. ती संपेपर्यंत कधी कधी गाडीच येऊन उभी राहते.

बाहेरगावचे लोक या बाकावर बसून फोटो काढतात. मी मात्र गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून परतताना याच बाकाला जीपचं एक बोनेट टेकवून ठेवलं होतं आणि मोठ्या ऐटीत शेजारी उभी होते. ती ऐट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकली. का, ते सांगते.

मी नवापूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी मावची बोलतात, शाळेत मराठी आणि बाजारात वेळ पडली तर गुजरातीही. चौथीच्या वर्गाला मी ‘आमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू’ असा निबंध दिला होता. कुणी जात्यावर लिहिलं, कुणी पितळी हंड्यावर. एका मुलानं लिहिलं, ‘आमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे आजोबा. त्यानंतर जीप. जीपमध्ये कोंबडी अंडी घालते.’

आता असं वाचल्यावर कोण घरी बसेल? रविवारी मी जीप बघायला गेले.

चिंचेच्या झाडाखाली ती उभी होती. १९६८ चं मॉडेल. आजोबांनी ती १९७८ साली लिलावात घेतली होती. त्या काळी पावसाळ्यात आडगावच्या रस्त्यांवर दुसरं कुठलंच वाहन जायचं नाही. जीपची चारही चाकं जोर लावतात, म्हणून ती चिखलातून निघायची. आजोबांनी त्या जीपमधून तुरीची पोती नेली (आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे बरं का), लग्नाची वऱ्हाडं नेली आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कितीतरी माणसं नेली. आमच्या या निबंधकाराचे वडीलसुद्धा दवाखाना गाठायच्या आत, याच जीपच्या मागच्या बाकावर जन्मले!

ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीला एकाएकी मोठा पूर आला. गावात घरं पडली, माणसंही गेली. या अंगणात जीपच्या सीटपर्यंत पाणी चढलं आणि चिंचेची एक जाड फांदी बोनेटवर कोसळली. घर सावरण्याच्या गडबडीत जीपकडे कोण बघणार? आत साचलेला गाळ तसाच राहिला. गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात जातो. मी पाहिली तेव्हा तळाचा पत्रा बिस्किटासारखा तुटत होता. उजवीकडचं मडगार्ड सडलं होतं, मागचा फाळका हरवला होता आणि बोनेटच्या माथ्यावर बादलीभर पाणी मावेल एवढा खड्डा होता.

घरात दोन मतं होती. वडील म्हणत, भंगारात देऊ, निदान वजनाचे पैसे येतील. आजोबा म्हणत, चालू करू. हरियाणात मंडी डबवाली नावाचं गाव आहे. तिथे जिपांच्या नव्याकोऱ्या बॉड्या बनवून मिळतात. पण तेवढे पैसे नव्हते. होते ते तुरीचे, मोजके. शेवटी ठरलं, की चांगला आहे तो पत्रा ठेवायचा आणि बाकीचे भाग जुन्या जिपांचे शोधायचे.

जीप ओढत नेली हायवेवरच्या एका गॅरेजात. तिथले मिस्तरी साठीचे, पत्राकामात हात मुरलेले. त्यांनी बोनेट, मडगार्ड काहीसुद्धा पाहिलं नाही. रॉकेलचा बोळा घेतला आणि आधी चासी पुसायला लागले. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॉडी, इंजिन, चाकं सगळं त्याच्यावर बसतं आणि त्याच्यावर एक नंबर ठोकलेला असतो. चिखल निघाला, गंज निघाला आणि एकेक आकडा दिसू लागला. आजोबा गाडीचं जुनं कागदपत्र डोळ्यांशी धरून मोठ्यानं वाचत होते आणि मिस्तरी बोटानं चाचपून ‘हो’ म्हणत होते. शेवटचा आकडा जुळला, तेव्हा कुठे त्यांनी चहा सांगितला.

‘हा नंबर जुळला नसता तर, ताई, मी कामाला हातच लावला नसता,’ ते मला म्हणाले. ‘पत्रा कुठलाही लावता येतो. नंबर नाही.’

मग भाग जमू लागले. मडगार्ड साक्रीकडच्या एका मोडीत निघालेल्या जीपचं मिळालं. फाळका सोनगढच्या भंगारवाल्याकडे सापडला. सोनगढ गुजरातेत आहे, पण आम्हाला ते नंदुरबारहून परकं वाटत नाही. पॉलिश पेपरनं मडगार्ड घासताना रंगांचे थर निघाले. वर पांढरा, त्याखाली निळा आणि तळाशी हिरवा. आमच्या निबंधकारानं ते वहीत लिहून घेतलं. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तसे तो रंग मोजत होता.

राहिलं बोनेट. इथे मी पुढे सरसावले. माझा धाकटा भाऊ सुरतेला उधन्यात राहतो. उधना, लिंबायत हे सुरतेचे भाग म्हणजे अर्धा खानदेशच. आपल्याकडची हजारो माणसं तिथल्या कापड गिरण्यांत कामाला गेली आणि तिथलीच झाली. ‘सुट्टीत जातेच आहे, बोनेट मी आणते,’ असं मी छातीठोकपणे सांगितलं. आजोबांनी साडेतीन हजार रुपये मोजून माझ्या हातात दिले. जुन्या बोनेटची लांबी आणि रुंदी टेपनं मोजून मी चिठ्ठीवर लिहून घेतली. भावाबरोबर भंगार बाजार पालथा घातला आणि बरोब्बर मापाचं, एकही पोचा नसलेलं बोनेट शोधून काढलं. ते नवापूरपर्यंत आणताना गाडीत काय काय झालं, ते लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही. लगेजची पावती अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरींनी ते जीपवर ठेवलं. पुढे जाळीवर टेकलं, मागे काचेच्या अलीकडे टेकलं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. आणि दोन्ही बाजूंना मडगार्डांच्या वर चार-पाच बोटं उघडी फट! त्या फटीतून आतलं इंजिन सरळ दिसत होतं. डोक्यापेक्षा लहान टोपी घातल्यावर कान उघडे राहतात ना, अगदी तसं.

‘ताई, माप घेतलं होतं ना?’

‘घेतलं होतं की! लांबी आणि रुंदी.’

‘आणि उंची?’

मी गप्प. तेवढ्यात मागून आमचे निबंधकार बोलले, ‘मॅडम, आपण तर तिन्ही मापं शिकलो आहोत.’

झालं काय होतं, ते समजून घ्या. जीप मुळात अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सैन्यासाठी ती बनली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईला माझगावमध्ये महिंद्र कंपनी विलीज जिपा जोडू लागली. सुरुवातीच्या जिपांचं इंजिन बुटकं होतं. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला झडपा असतात. त्या इंजिनात दोन्ही प्रकारच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. पुढे विलीज कंपनीनं जास्त ताकदीचं इंजिन काढलं. त्यात हवा आत घेणाऱ्या झडपा वर, इंजिनाच्या डोक्यात नेल्या. इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग कंपनीनं बोनेटच उंच केलं! हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं. त्याचं नाव सीजे-३बी. महिंद्रनं ते आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवलं. गॅरेजातली माणसं या दोन जातींना ‘लो बोनेट’ आणि ‘हाय बोनेट’ म्हणतात. आजोबांची जीप हाय बोनेट. मी आणलं ते लो.

आता काय करायचं? भंगारवाला माल परत घेत नाही. ‘मी माझ्या पगारातून पैसे देते,’ असं मी म्हटलं. आजोबा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. वडील मात्र बाहेर जाऊन उभे राहिले. मी मान खाली घालून शाळेत गेले आणि त्या दिवशी गणिताचा तास घेतला नाही.

बोनेट आठवडाभर गॅरेजच्या भिंतीला टेकून होतं. मिस्तरी दुसरी कामं करत होते, पण जाता-येता त्याच्याकडे बघत. तोवर त्यांनी बाकीचे भाग बसवायला घेतले. ते बघायला मी शाळा सुटल्यावर जात असे, कारण असं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

माझी समजूत अशी, की जुना भाग काढायचा, नवा लावायचा, नट-बोल्ट आवळायचे. मिस्तरींनी आवळायचं नावच काढलं नाही! चासी आणि बॉडी यांच्यामध्ये त्यांनी रबराच्या चकत्या ठेवल्या. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तिला गाठ मारली आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावून पाहिली. मुलांनो, आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे आपण पुस्तकात वाचतो. दोरी बोटभर कमी पडली, म्हणजे बॉडी तिरकी बसली आहे. त्यांनी एका चकतीखाली आणखी एक पातळ चकती सरकवली. पुन्हा दोरी. पुन्हा चकती. अर्धा दिवस गेला आणि दोन्ही कर्ण सारखे झाले.

मग मडगार्ड, जाळी, फाळका, सगळे भाग नुसते टांगले. प्रत्येकाला दोन-दोन बोल्ट, तेही सैल. साक्रीच्या मडगार्डाची भोकं आजोबांच्या जीपच्या भोकांशी जुळत नव्हती. अर्धं बोट मागे. दोन्ही जीपच, मग असं का? एका जीपला धक्का बसलेला असतो, दुसरीचा पत्रा कुणीतरी आधी ठोकलेला असतो. पन्नास वर्षांत प्रत्येक जीप आपापल्या परीनं वाकडी होते. मी म्हटलं, ‘नवीन भोक पाडू या.’ मिस्तरी म्हणाले, ‘भोक शेवटी. आधी सगळे एकमेकांना ओळखू देत.’ एक मडगार्ड पुढे ओढलं की जाळी सरकते, जाळी सरकली की बोनेटची जागा सरकते. म्हणून सगळं टांगून, लांबून बघून, मग गोल कानशीनं जुनंच भोक थोडं लांबट करायचं आणि वर मोठा वायसर घालायचा. आवळायचं सगळ्यात शेवटी.

याच दिवसांत आमच्या निबंधकारानं मला एक प्रश्न विचारला. ‘मॅडम, मडगार्ड साक्रीचं, फाळका सोनगढचा. मग ही जीप आमचीच का?’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन पुस्तकं चाळली, तेव्हा एक गंमत कळली. महायुद्धात जिपांची मागणी इतकी वाढली, की एकट्या विलीजला ती पुरवता येईना. म्हणून फोर्ड कंपनीलाही त्याच जीपचं काम दिलं. दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जिपा बनवल्या. सैन्याची अट अशी, की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. कारण रणांगणावर तीन मोडक्या जिपांची एक चालती करायची वेळ येणारच. फोर्डनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. आणि युद्धाच्या शेवटच्या काळात तर अमेरिकन सेंट्रल नावाचा एकच कारखाना दोघांसाठी बॉड्या बनवत होता. त्या बॉडीत काही खुणा विलीजच्या, काही फोर्डच्या. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच ती मिसळलेली!

हे मी वर्गात सांगितलं. परिणाम असा झाला, की पुढच्या रविवारी सात-आठ मुलं गॅरेजात आली आणि प्रत्येक बोल्ट पुसून ‘एफ’ शोधू लागली. एकही सापडला नाही. मिस्तरींचे बोल्ट मात्र आयते साफ झाले.

आणखी एकाचं म्हणणं असं, की मग सगळीच जीप भंगारातून बनवू! असं एकानं केलेलंही आहे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसानं आपल्या मुलासाठी भंगारातून छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून ती चालू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचा व्हिडिओ पाहिला. त्यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी ती कधीतरी थांबवतील, हेही लिहिलं. आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा. मिस्तरी चासीचा नंबर आधी का पुसत होते, ते आता मुलांना कळलं.

केंद्र सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले आहेत. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं आणि ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. मी आजोबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मला काय मिरवणुकीत न्यायची आहे? मला तूर आणायची आहे.’

आठव्या दिवशी मिस्तरींनी मला निरोप पाठवला. गेले, तर जमिनीवर दोन्ही बोनेटं शेजारी शेजारी ठेवलेली. जुन्याचा माथा फांदीनं गेला होता, पण त्याच्या दोन्ही उंच बाजू शाबूत होत्या. माझ्या बोनेटच्या बाजू बुटक्या, पण माथा एकदम सरळ. मिस्तरींनी खडूनं दोन्हींवर रेघा ओढल्या होत्या. माझ्या लक्षात आलं आणि हसूच फुटलं.

माथा सुरतेचा, बाजू नवापूरच्या!

कापायच्या आधी त्यांनी तीन वेळा मोजलं आणि टेपचं दुसरं टोक दर वेळी माझ्याच हातात दिलं. मग जोडकाम. पत्रा एका टोकाकडून सरळ जोडत गेलं, तर उष्णतेनं तो फुगून वाकडा होतो. म्हणून वेल्डिंगचा एक टाका पुढे, एक मागे, एक मधे, आणि प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं. टाक्यांच्या मधे पुन्हा टाके. मागच्या बाजूला माथा बोटभर अरुंद पडला. तिथे आतून लोखंडी डॉली धरून बाहेरून हातोडीनं पत्रा हळूहळू ताणला. तीन दिवस ठकठक चालली होती.

जोड दिसत होता. वडिलांना तो झाकायचा होता. ‘वर जाड लांबी भरा,’ ते म्हणाले. (रंगारी पोचे भरायला जी पुट्टी लावतात, तिला ‘लांबी’ म्हणतात. या लेखात लांबीनं मला फारच छळलं!) मिस्तरींनी मान हलवली. जाड थर आपल्या रस्त्यांवर टिकत नाही. हादऱ्यानं त्याला चिरा पडतात, चिरांतून पाणी शिरतं आणि आत पुन्हा गंज. जोड दिसला तरी चालेल, पत्रा राहिला पाहिजे. वडिलांनी जोडावर अंगठा फिरवून पाहिला आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. पातळ हात मारला, घासला, वर प्रायमर आणि मग रंग. कडेनं बघितलं की आजही रेघ दिसते. आमच्या निबंधकारानं एका बाजूला बोट ठेवून ‘महाराष्ट्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुजरात’ असं म्हणून दाखवलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मिस्तरीच हसले.

जीप अजून रस्त्यावर आलेली नाही. तिच्या कागदांचं नूतनीकरण व्हायचं आहे, त्यासाठी नंदुरबारला आरटीओत तपासणी आहे. पण गेल्या महिन्यात घरामागच्या खळ्यात आजोबांनी ती सुरू केली. पहिल्या दोन वेळा नुसता धूर. तिसऱ्या वेळी इंजिन धरलं आणि कोंबड्या पळाल्या. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी ती चिंचेपासून जरा लांबच उभी केली. बोनेटचा उजवीकडचा खटका नीट लागतो. डावीकडे मात्र तळहातानं एक थाप द्यावी लागते.

नातू माझा टेप घेऊन बोनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट मोजत होता. ‘आजोबा, उजवीकडे एक बोट आहे आणि डावीकडे दीड बोट!’ तो ओरडला. मिस्तरींचा चेहरा पडला. आजोबा वाकून फट बघत राहिले, मग त्यांनी डाव्या बाजूला एक थाप मारली.

‘पहिल्यापासून दीडच होती,’ ते म्हणाले.